मूलपेशी एकाच विभाजनातून दोन वेगळ्या पेशी कशा घडवते?

निफाडच्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न पाठवले आहेत. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिला प्रश्न असा: सूत्री विभाजनात दोन्ही जन्यपेशींना सारखाच डीएनए मिळतो, मग मूलपेशी (स्टेम सेल) विभागल्यावर एक मूलपेशीच राहते आणि दुसरी चेतापेशी किंवा स्नायुपेशी व्हायच्या वाटेला लागते, हे कसं? दुसरा घरातला आहे. तिच्या आत्याच्या सात वर्षांच्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार आहे आणि एका क्लिनिकने 'स्टेम सेलची इंजेक्शनं' सुचवली आहेत. त्यात कितपत तथ्य आहे?

मी बरीच वर्षं ड्रोसोफिला या फळमाशीच्या अळीच्या मेंदूतल्या मूलपेशींवर काम केलं आणि आता नाशिकमध्ये पेशीजीवशास्त्र शिकवते. दोन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच लिहिते.

पहिल्याचं थोडक्यात उत्तर: फरक डीएनएमध्ये नसतो. बऱ्याचदा तो विभाजनानंतर पडतो असंही नाही. पेशी अजून एकच असते तेव्हाच तिच्या आत दोन वेगळ्या बाजू तयार झालेल्या असतात. कोणती प्रथिनं कुठल्या टोकाला जाणार हे ठरतं, तुर्कतंतू (गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढणारे धागे) त्याच रेषेत उभे राहतात आणि मग पेशी आडवी कापली जाते. दोन पेशी वेगळ्या दिसतात तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो.

हे पटायला जड जातं त्याचं एक कारण आपलं प्रात्यक्षिक आहे. कांद्याच्या मुळाचं टोक, अ‍ॅसिटोकार्मिन, हलकी ऊब, कव्हरस्लिपवर अंगठा. ही स्लाइड तूही केली असशील. त्यात दिसतात ती फक्त गुणसूत्रं, कारण तो रंग तीच घेतात. गुणसूत्रांची वाटणी खरोखरच काटेकोर समान असते. पेशीपटलाखाली कुठलं प्रथिन कुठे जमलंय हे त्या स्लाइडवर दिसूच शकत नाही. त्यामुळे विभाजन म्हणजे समान वाटणी, हे चित्र मनात पक्कं होतं आणि पुढे मूलपेशींचा धडा आला की गोंधळ उडतो.

वाटणी असमान असू शकते हे मात्र शंभर वर्षांहून जुनं ज्ञान आहे. १९०५ साली एडविन कॉंकलिन यांनी अ‍ॅसिडियन या समुद्री प्राण्याच्या अंड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या अंड्यात निसर्गतःच पिवळसर पेशीद्रव्याचा एक पट्टा असतो. अंडं विभागत गेलं की तो पट्टा ठरावीक पेशींच्याच वाट्याला येतो आणि त्याच पेशींपासून पुढे अळीच्या शेपटीचे स्नायू होतात. नुसत्या सूक्ष्मदर्शकाने, रेणूंची नावंही ठाऊक नसताना, त्यांनी हे पाहिलं. रेणू सापडायला १९८० आणि ९० ची दशकं उजाडली. १९८८ मध्ये केन केम्फ्यूस आणि सहकाऱ्यांनी सी. एलेगन्स या सूत्रकृमीत 'पार' जनुकं शोधली. ती बिघडली की अंड्याचं पहिलंच विभाजन, जे एरवी एक मोठी आणि एक लहान पेशी देतं, चुकतं आणि दोन्ही पेशी सारख्याच होतात. पुढे हीच यंत्रणा माशीत, उंदरात आणि माणसातही सापडली.

आता माझ्या आवडत्या पेशीकडे येते. इथे थोडं सावकाश वाच. पिकलेल्या केळ्यांभोवती किंवा द्राक्षांच्या चोथ्यावर घोंगावणारी चिलटं म्हणजे ड्रोसोफिला. तिच्या अळीच्या मेंदूत न्यूरोब्लास्ट नावाच्या मोठ्या, गोल मूलपेशी असतात. एक न्यूरोब्लास्ट साधारण तास-दीड तासाला विभागते. दर वेळी एक मोठी पेशी उरते, ती न्यूरोब्लास्टच राहते. आणि एक छोटी सुटते, ती आणखी एकदाच विभागून दोन चेतापेशी, किंवा त्यांच्या आधारपेशी, देते. जिवंत मेंदूत हे घडताना पडद्यावर पाहिलं की पेशी एका बाजूने कळी काढतेय असंच वाटतं.

पहिली पायरी म्हणजे दिशा. विभाजन सुरू होतानाच पेशीच्या एका टोकाला, पटलाला लागून, पार-३, पार-६ आणि एपीकेसी या प्रथिनांचा गट जमतो. या टोकाला वरचं टोक म्हणू. एपीकेसी हे काइनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणारं विकर. विभाजनाला सुरुवात करून देणारं ऑरोरा-ए नावाचं काइनेज याच गटालाही कामाला लावतं, त्यामुळे दिशा ठरणं आणि विभाजन सुरू होणं या गोष्टी वेळेत बांधलेल्या राहतात.

दुसरी पायरी मालाची. नम्ब आणि मिरांडा ही दोन प्रथिनं पेशीपटलाच्या आतल्या बाजूला चिकटून असतात. पटलाची ती बाजू ऋणभारित असते आणि या प्रथिनांचा चिकटणारा भाग धनभारित, त्यामुळे पकड बसते. वरच्या टोकाला एपीकेसी आहे. तिथे कुणी चिकटलेलं असेल त्याला ते फॉस्फेट लावतं. फॉस्फेटबरोबर ऋणभार येतो, पकड सुटते आणि प्रथिन पेशीद्रव्यात मोकळं होतं. ते पुन्हा चिकटू शकतं ते एपीकेसी नसलेल्या ठिकाणीच, म्हणजे खालच्या टोकाला. विद्यार्थ्यांना वाटतं की नम्बला कुणीतरी उचलून खाली नेऊन ठेवत असेल. वाहतूक पूर्णपणे नाकारता येत नाही, पण मुख्य युक्ती ही आहे: वरच्या बाजूला टिकू द्यायचं नाही, खाली ते आपोआप साठतं. इतक्या साध्या रसायनातून पेशीला दोन टोकं मिळतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मिरांडा एकटी जात नाही. तिला प्रोस्पेरो आणि ब्रॅट ही दोन प्रथिनं धरून असतात. प्रोस्पेरोचं काम जनुकं चालू-बंद करणं. मूलपेशीत ते पटलापाशी अडकलेलं असल्याने केंद्रकात शिरून काही करू शकत नाही. छोटी पेशी सुटली की मिरांडा नाहीशी होते, प्रोस्पेरो मोकळं होऊन केंद्रकात जातं, विभाजन चालू ठेवणारी जनुकं बंद करतं आणि चेतापेशी घडवणारी उघडतं. नम्ब तिकडे नॉच या संदेशमार्गाला दाबतं. नॉच चालू असेल तर 'मूलपेशी राहा' असा संदेश मिळत राहतो. छोट्या पेशीत तो थांबतो. म्हणजे दोघींकडे जनुकांचा संच एकच, पण त्यातलं काय वाचायचं हे सांगणारी प्रथिनं एकीच्याच वाट्याला आली.

तिसरी पायरी, आणि परीक्षेत सगळे हीच विसरतात: कापायचं कुठून. दोन रंगांच्या थरांची बर्फी घे. थरांच्या मधून आडवी सुरी घातली तर एका तुकड्याला एक रंग, दुसऱ्याला दुसरा. वरून खाली उभी कापली तर दोन्ही तुकड्यांत दोन्ही रंग. बर्फी तीच, थर तेच. फरक सुरीच्या दिशेचा. पेशीत सुरीची दिशा तुर्कतंतूंच्या रचनेवरून ठरते, कारण काप नेहमी त्या रचनेच्या मधोमध, तिला काटकोनात पडतो. म्हणून वरच्या टोकाचा पार गट इन्स्क्यूटेबल या प्रथिनामार्फत पिन्स या प्रथिनाला तिथे बसवतो. पिन्स मड नावाच्या प्रथिनाला धरतं, मड डायनीन या रेणूयंत्राला, आणि डायनीन तारककेंद्रापासून निघालेल्या तंतूंना ओढून अख्खी रचना वर-खाली अशी उभी करतं. दिशा ठरवणारं टोक एकच असल्यामुळे माल आणि काप यांचा मेळ बसतो.

हा मेळ बिघडला तर काय होतं, याचे पुरावे फार बोलके आहेत. माशीच्या अंगावरच्या प्रत्येक स्पर्शसंवेदी केसामागे एकाच पूर्वज पेशीपासून झालेल्या चार पेशी असतात: केसाची, त्याच्या खोबणीची, चेतापेशी आणि तिचं आवरण. नम्ब नसेल तर आतल्या बाजूच्या पेशीही बाहेरच्यांसारख्या होतात, चेतापेशी होतच नाही. केस आहेत पण संवेदना नाही. नम्ब, म्हणजे इंग्रजीत बधिर, हे नाव त्यातूनच पडलं. ते विभाजनात खरोखर एकाच पेशीकडे जातं, हे १९९४ मध्ये युह नुंग जान आणि लिली जान यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. दुसरा पुरावा अधिक गंभीर आहे. २००५ मध्ये कॉसिनस आणि गोन्झालेझ यांनी पिन्स, मिरांडा, नम्ब किंवा प्रोस्पेरो यांपैकी एखादं जनुक बिघडलेल्या अळीच्या मेंदूचे बारीक तुकडे निरोगी माशीच्या पोटात ठेवले. ते वाढत गेले, मूळ आकाराच्या शंभरपटीहून मोठे झाले, इतर अवयवांत पसरले आणि माशा मेल्या. प्रोस्पेरो सोडलं तर यातल्या कुठल्याही जनुकाचं मुख्य काम थेट 'वाढ थांबवणं' असं नाही. ती वाटणीशी संबंधित जनुकं आहेत. वाटणी चुकली की दोन्ही पेशी मूलपेशीसारख्या विभागत राहतात, आणि तोच ट्यूमर.

इथवर सांगितलं ते आतून ठरणारं. पेशीला वेगळं करण्याची दुसरी रीत शेजाराची आहे. रक्ताच्या मूलपेशींचा विचार करताना १९७८ मध्ये रे स्कोफिल्ड यांनी मांडलं की मूलपेशीपण हा पेशीच्या एकटीचा गुण नसून तिच्या जागेचाही आहे. त्या जागेला 'नीश' म्हणतात. माशीच्या वृषणात हे स्वच्छ दिसतं. टोकाला काही पेशींचा घट्ट गुच्छ असतो आणि त्याला चिकटून जननमूलपेशींचं कडं. गुच्छ अगदी जवळच्या पेशीलाच पोचेल असा संदेश सोडतो. मूलपेशी गुच्छाला काटकोनात विभागते, म्हणून एक पेशी चिकटलेली राहते आणि दुसरी एका पेशीच्या अंतरावर जाते. तेवढ्या अंतराने संदेश तुटतो आणि ती शुक्रपेशींच्या वाटेला लागते. इथे आत माल वेगळा वाटला गेला नाही तरी चालतं, पण तुर्कतंतूंची दिशा चुकून चालत नाही. युकिको यामाशिता यांनी दाखवलं की इथे जुनं तारककेंद्र गुच्छाजवळ धरून ठेवलं जातं. गंमत म्हणजे न्यूरोब्लास्टमध्ये उलट: मूलपेशीकडे नवं तारककेंद्र राहतं. तेव्हा 'जुनं नेहमी मूलपेशीकडे' असा नियम पाठ करू नकोस.

आता पाठ्यपुस्तकातल्या त्या प्रसिद्ध आकृतीबद्दल, जिच्यात प्रत्येक मूलपेशी दर वेळी एक मूलपेशी आणि एक वेगळी पेशी देते. न्यूरोब्लास्टला ती लागू आहे. आपल्या आतड्याला बहुतांशी नाही. लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं. २००७ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने अस्तरातल्या खळग्यांच्या तळाशी एलजीआर-५ हे प्रथिन धारण करणाऱ्या मूलपेशी ओळखल्या. उंदराच्या एका खळग्यात त्या पंधराच्या आसपास असतात. २०१० मध्ये या पेशींना वेगवेगळे रंग देऊन त्यांच्या वंशावळी पाहिल्या, तेव्हा दिसलं की बहुतेक विभाजनं दोन सारख्या पेशी देतात. तळाशी जागा मोजकी. जी तिथे, मूलपेशींना आधार देणाऱ्या पॅनेथ पेशींना लगटून, टिकते ती मूलपेशी; जी वर ढकलली जाते ती अस्तराची पेशी. एक ते सहा महिन्यांत अख्खा खळगा एकाच मूलपेशीच्या वंशजांनी भरतो. कोण टिकणार हा योगायोगाचा भाग, पण एकूण संख्या कायम राहते. वाटणी असमानच आहे, फक्त ती एका पेशीच्या पातळीवर नसून पूर्ण गटाच्या पातळीवर आहे. माझ्या मते पदवीच्या अभ्यासक्रमात या दोन्ही आकृत्या शेजारीशेजारी छापायला हव्यात.

तुमच्या घरी द्राक्षबाग आहे असं तू लिहिलंस, म्हणून वनस्पतींचंही एक उदाहरण. पानावरची पर्णरंध्रंही असमान विभाजनातूनच होतात. कोवळ्या पानाच्या बाह्यत्वचेतली एक पेशी विभागून एक छोटी आणि एक मोठी पेशी देते. छोटीपासून पुढे दोन रक्षक पेशी होतात. ते शेवटचं विभाजन मात्र सममित असतं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत २००९ साली बेसल नावाचं प्रथिन सापडलं, जे विभाजनाआधीच पेशीच्या एका कडेला जमतं आणि पुढे मोठ्या पेशीकडे राहतं. त्याचं प्राण्यांच्या पार प्रथिनांशी नातं नाही. वनस्पतींनी हा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला आहे. द्राक्षाची पर्णरंध्रं मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि डाऊनी या रोगाचे बीजाणू तिथूनच आत शिरतात. फवारा पानाखाली पोचला पाहिजे असं बागायतदार सांगतात ते याचमुळे. हे विभाजन स्वतः पाहायचं असेल तर कांद्याच्या अगदी कोवळ्या पातीच्या बुडाकडचा पापुद्रा घे. एकबीजपत्री पात बुडातून वाढते, त्यामुळे तिथे पेशींच्या रांगा असतात आणि काही लांब पेशींच्या टोकाला छोटी पेशी कापून निघालेली दिसते. मुळाच्या स्लाइडपेक्षा वेळ लागेल, पण सापडते.

आता तुझ्या आत्याच्या मुलाकडे येते. मी डॉक्टर नाही. पेशींबद्दल जे ठामपणे सांगता येतं तेवढंच सांगते.

स्नायूच्या मूलपेशींना सॅटेलाइट पेशी म्हणतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या: स्नायुतंतू आणि त्यावरचं पातळ आवरण यांच्या मधे दबून बसलेल्या. त्या तंतूला समांतर विभागल्या तर दोन्ही पेशी आवरणाला चिकटून राहतात आणि दोन्ही मूलपेशी राहतात. काटकोनात विभागल्या तर आवरणाकडची मूलपेशी राहते आणि तंतूकडची स्नायू दुरुस्त करायला निघते. बर्फीचं उदाहरण इथे तंतोतंत लागू पडतं.

डुशेनमध्ये डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होत नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. बरीच वर्षं समज असा होता की डिस्ट्रॉफिन फक्त स्नायुतंतूला धक्क्यांपासून सांभाळतं. ते नसल्याने तंतू फाटतात आणि सतत दुरुस्ती करून मूलपेशी थकतात. ते खरं आहेच. पण २०१५ मध्ये कॅनडातल्या मायकेल रुडनिकी यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की डिस्ट्रॉफिन सॅटेलाइट पेशीतही असतं आणि पार यंत्रणेतल्या एका प्रथिनाला योग्य बाजूला धरून ठेवतं. ते नसेल तर पेशीला दिशाच ठरवता येत नाही, असमान विभाजनं घटतात आणि दुरुस्तीसाठी निघणाऱ्या पेशी कमी पडतात. म्हणजे हा काही अंशी मूलपेशीचाही आजार आहे.

यावरून 'मग निरोगी मूलपेशी बाहेरून घालू' असं वाटणं साहजिक आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निरोगी दात्यांच्या स्नायूंतून वाढवलेल्या पेशी डुशेनच्या मुलांच्या स्नायूंत टोचून पाहिल्या गेल्या. मुलांच्या ताकदीत टिकाऊ फरक पडला नाही. बहुतेक पेशी थोड्या दिवसांत मरत होत्या आणि उरलेल्या सुईच्या जागेपासून फार दूर जात नव्हत्या. शरीरातले शेकडो स्नायू, श्वासपटल आणि हृदय यांपर्यंत पोचणं, आवरणाखालच्या नेमक्या जागी बसणं आणि तिथे योग्य दिशेने विभागणं, इतकं सगळं जमलं तरच मूलपेशीचा उपयोग. आणि क्लिनिकमध्ये टोचतात त्या पेशी बऱ्याचदा अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या असतात. त्या स्नायूच्या मूलपेशी नसतातच. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य आजारांसाठी केलेलं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण हाच रूढ उपचार आहे. त्यापलीकडचा मूलपेशींचा वापर मंजुरी मिळालेल्या वैद्यकीय चाचणीतच व्हायला हवा. म्हणून माझं स्पष्ट मत: ही इंजेक्शनं विकत घेऊ नका.

ते पैसे आणि ती धडपड उपयोगी पडेल अशा गोष्टी आहेत. मुलाला बालमेंदूरोगतज्ज्ञांकडे नियमित न्या. त्यांच्या देखरेखीखाली दिलेल्या स्टेरॉइडने चालण्याची क्षमता जास्त काळ टिकते, याचा पुरावा चांगला आहे. फिजिओथेरपी, ठरावीक काळाने इकोकार्डिओग्राम आणि श्वासाची चाचणी सोडू नका. जनुकचाचणी झाली नसेल तर करून घ्या. त्या जनुकात ७९ एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, असतात, आणि नेमका बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय काही नवी औषधं त्याला लागू होतील का हे ठरवताच येत नाही. आत्याचीही वाहक चाचणी व्हायला हवी. ती वाहक निघाली तर तिच्या मुलींना आणि बहिणींनाही समुपदेशन मिळालं पाहिजे. ही गोष्ट आत्याला सांगताना यात तिचा दोष नाही हे आधी सांग. बऱ्याच मुलांत हा बिघाड नव्यानेच झालेला असतो.

आणि क्लिनिकला एकच गोष्ट लेखी मागा: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला त्यांच्या चाचणीचा नोंदणी क्रमांक. नोंदी सर्वांना खुल्या आहेत. कुठला आजार, कुठल्या पेशी, किती रुग्ण आणि नीतिसमितीची मान्यता आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यांनी क्रमांक दिला तर तो घेऊन कॉलेजला ये, नोंद आपण दोघी मिळून वाचू. टाळाटाळ केली तर त्यांच्याकडे पुढची तारीख घेऊ नका.